हा बदल तुम्ही केला का?

१

काढून टाकलेलं पान तिसऱ्यांदा परत आलं, तेव्हा अविराजच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं मोटारसायकलला किक मारली आणि निरवांगीहून निघाला तो थेट बारामतीत अनिसा शेखच्या दुकानापुढं येऊन थांबला.

दुकान पिठाच्या गिरणीला लागून होतं. पाटीवर 'वेबसाइट दुरुस्ती' एवढंच लिहिलेलं. त्यातलं 'दुरुस्ती' वाचून अधूनमधून कोणीतरी मिक्सर घेऊन यायचं, आणि अनिसा तोही उघडून बघायची. बंद पडलेली वस्तू दिसली की तिला राहवत नसे. बाई चाळिशीची, बोलायला तिखट. पण समोरचा सांगू लागला की जिवाचा कान करून ऐकायची.

"मॅडम, वेबसाइट हॅक झालीय आमची," अविराज दारातूनच म्हणाला.

"बसा आधी. आणि हॅक शब्द बाजूला ठेवून काय झालं ते सांगा. हल्ली लोक पासवर्ड विसरले तरी हॅक झालं म्हणतात."

अविराज बसला. निरवांगीला त्याच्या चुलत्यांची, झुंबरआबांची, रतन रोपवाटिका होती. तिथला एक पेरू पंचक्रोशीत नावाजलेला. आबांच्या मुलीनं लहानपणी पेरू खाऊन पाण्याच्या टाकीजवळ बिया थुंकल्या, त्यातलं एक झाड असं काही गोड निघालं की आबांनी त्याची कलमं बांधायला घेतली आणि पेरूला मुलीचंच नाव दिलं. वृषाली. वेबसाइटवरचं 'वृषाली पेरू' हे पान अविराजला नको होतं. त्यानं ते काढून तिथं 'अविराज गोल्ड' असं पान टाकलं होतं.

"पेरू तोच?" अनिसानं विचारलं.

"पेरू तोच. नाव नवीन."

अनिसानं हसू चहाच्या कपात बुडवलं. "आणि जुन्या नावानं काय घोडं मारलं?"

अविराज घुटमळला. मग सगळंच बोलून गेला. चार वर्षांपूर्वी वृषालीचं लग्न ठरलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. आणि ती आपल्या पसंतीच्या, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करून निघून गेली. आबांनी सगळ्या भावकीपुढं सांगितलं, हिचं नाव ह्या घरात परत काढायचं नाही. ते नाव गेलं ते गेलंच. आता अविराजला मुलगी द्यायला भवानीनगरचे पाहुणे रविवारी येणार होते, आणि पाहुणे हल्ली घर बघायच्या आधी वेबसाइट बघतात. मुलीच्या वडिलांनी फोनवरच विचारलं होतं, ही वृषाली कोण?

"मी पान काढतो, दुसऱ्या दिवशी ते हजर. पासवर्ड किती वेळा बदलला! हे तिघांपैकी एकाचं काम हाय. एक तो शिवम, आधी वेबसाइट सांभाळायचा, मी त्याला काढला. दुसरी प्रगती, आमच्या हापिसात बसते, वृषालीची मैत्रीण. नायतर मग काकी, वृषालीची आई. रविवारच्या आत नाव पाहिजे मला. शिवम असला तर पोलिसात देणार, प्रगती असली तर घरी बसवणार."

"आणि काकी असल्या तर?"

अविराजनं मिशीला पीळ भरला.

अनिसानं वेबसाइट आतून उघडली, इकडंतिकडं चाळली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"अविराजराव, पान परत आलं त्या त्या दिवशी तुमच्या वेबसाइटच्या आत कोणी आलेलंच नाही."

२

अविराजला पटेना. अनिसानं त्याला समजेल असं सांगितलं. वेबसाइटला सुरक्षेचं प्लगइन जोडलेलं होतं. प्लगइन म्हणजे दाराशी बसवलेला राखणदार. कोण आलं, कोणी कडी वाजवली, कोणी खोटी किल्ली लावून बघितली, सगळं तो टिपून ठेवतो आणि संशय आला की बाहेरच अडवतो. जगभरातली कुठली कुठली यंत्रं येऊन दार ढकलून जात होती आणि राखणदार त्यांना हाकलत होता. आत मात्र अविराजशिवाय कोणी पाऊल टाकलं नव्हतं.

"ह्या एकाला राखणदारानं नाही अडवलं," अनिसा पडद्यावर बोट ठेवून म्हणाली. "ह्याच्यावर बंदी तुम्ही घातलीय."

अविराज जरा फुशारला. "ते व्हय! मागच्या महिन्यात मीच बंद केलं. रोज सकाळी यायचं आणि ते एकच पान उघडायचं, वृषाली पेरूचं. खरेदी न्हाय, चौकशी न्हाय. टेहळणीच की ती."

"कुठून यायचं?"

"सांगलीकडचं दाखवत होतं."

अनिसानं हूं म्हटलं आणि लॅपटॉप मिटला.

शिवम आता भावाच्या मोबाइलच्या दुकानात बसत होता, अनिसानं त्याला तिथं गाठलं. संशय आपल्यावर आहे म्हटल्यावर तो भडकला, मग हसायलाच लागला. "ताई, मला खोडी काढायची असती तर मी अविराजचे फोटो उडवले असते. प्रत्येक पानावर तोच हाय, गॉगल लावून. पेरूचं पान कशाला परत आणू?"

हे अनिसाला पटलं. "मग ते प्लगइन तरी तुम्ही बसवलंत का?"

"छे. ते वृषालीताईंनी बसवलेलं, माझ्या आधी. एकदा वेबसाइटमध्ये जुगाराच्या जाहिराती घुसल्या होत्या, तेव्हा सगळ्यात आधी पेरूचं पान गेलं. त्याचा ताईंनी असा धसका घेतला की त्या एका पानाला जादा राखण लावली. त्याला कोणी हात लावला की राखणदार मालकाच्या मोबाइलवर विचारतो, हा बदल तुम्ही केला का? हो म्हटलं की गप बसतो. नाही म्हटलं की जुनं पान जसंच्या तसं आणून ठेवतो."

"आणि काहीच उत्तर दिलं नाही तर?"

"तर झालं ते राहू देतो. धनी बोलला तरच हलतो तो."

अनिसा तिथंच स्टुलावर बसली. म्हणजे चोर आत आलाच नव्हता. पान राखणदारानंच परत आणलं होतं, कोणाच्या तरी 'नाही' वर. अविराजनं प्लगइनचं पहिलं पान सोडून पुढं कधी काही उघडलंच नव्हतं, नाहीतर त्यालाही हे दिसलं असतं. राखणदाराकडं मालकाचा म्हणून नोंदवलेला नंबर तिनं शोधून काढला आणि अविराजला फोन लावला.

"हा नंबर कोणाचा?" तिनं आकडे वाचून दाखवले.

अविराजनं ते पुन्हा वाचायला लावले.

"मॅडम," अविराज म्हणाला, "हा मोबाइल तर विहिरीत हाय."

३

दुसऱ्या दिवशी अनिसा निरवांगीला पोचली, तेव्हा अविराज रोपवाटिकेच्या फाटकातच तयारीत उभा होता. रात्रभरात त्यानं निकालही लावून टाकला होता.

"तीच हाय, वृषाली! जाताना मोबाइल टाकीवर ठेवून गेली आणि आबांनी तो त्याच दिवशी विहिरीत फेकला. सगळ्या गावाला म्हाईत हाय. पण तोच नंबर दुसऱ्या कार्डावर काढून घेता येतोय की! तिकडं बसून आमचं वाटोळं करतीय. मी तिच्या नावानंच तक्रार देतो."

"द्या. पण त्याच्या आधी मला एक सांगा. सांगलीकडचं ते कोण, ज्याला तुम्ही बंद केलंत, ते अजून येतंय. रोज येतं, तुमच्या बंदीची पाटी बघतं आणि परत जातं. कोण असेल ते?"

अविराजची नजर खाली गेली. सांगलीकडं कोण राहतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"मग बघा," अनिसा म्हणाली. "तो नंबर तिच्याजवळ असता तर राखणदार तिच्या शब्दात असता. जिच्या हातात किल्ली, ती महिनाभर दारात ताटकळत कशाला उभी राहील? नंबर तिच्याजवळ नाही. तो मोबाइल राहिला होता ह्या घरात, आणि आहेही ह्याच घरात."

अविराजनं घराकडं बघितलं. बाहेर काकी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्याच्या मनात काय आलं ते त्याच्या तोंडावर दिसलं.

४

प्रगती शेडमधल्या छोट्या खोलीत संगणकापुढं बसली होती. "मला पासवर्ड पण देत न्हाईत आता," ती सरळ म्हणाली. "मी केलं आसतं तर लपवलं नसतं. ती गेली तवा मी बोलले न्हाय कुनाला, त्याचंच अजून वाईट वाटतंय."

ती अनिसाला रोपं दाखवायला शेडनेटखाली घेऊन गेली. हिरव्या सावलीत काळ्या पिशव्यांच्या ओळीच्या ओळी. काही रोपांना सुतळी बांधलेली होती.

"सुतळी म्हंजे रोप विकलं, न्यायला मानूस यायचाय," प्रगतीनं सांगितलं. "सुतळी आबाच बांधत्यात. दुसऱ्या कुनी बांधलेली त्यांना चालत न्हाय."

टोकाला, टाकीजवळ, एक पेरूचं रोप एकटंच होतं. रोप कसलं, झाडच ते, माणसाच्या खांद्याला लागत होतं. तरी पिशवीतच होतं. पिशवी नवी कोरी, आणि बुंध्याला ताजी सुतळी.

"ह्याचा मानूस काय येईना बघा. एवढं झाड पिशवीत ठेवत्यात व्हय कुनी? जमिनीत लावा म्हटलं तर आबा ऐकत न्हाईत. पिशवी लहान झाली की मोठी घालत्यात, सुतळी कुजली की नवीन बांधत्यात. कुनाचं हाय म्हटलं तर म्हनत्यात, येईल."

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. अंथुर्ण्याचा एक शेतकरी उतरला आणि आबांपुढं जाऊन राम राम करून उभा राहिला. झुंबरआबा म्हणजे सत्तरीचा ताठ माणूस, अंगात बंडी, तोंडावर हसू म्हणून नाही.

"आबा, पेरूची रोपं न्यायची हायत."

"कुठला पेरू?"

"तुमचा घरचा."

"घरचे लय हायत. नाव सांगा."

"वृषाली, आबा."

आबांनी मान कलती केली. "कुठला म्हनला?"

"वृषाली! वृषाली!" शेतकरी ओरडला.

"हां. किती काढू?"

अविराज अनिसाच्या कानाशी लागला. "आबांना हल्ली कमी ऐकू येतं. पेरूचं गिऱ्हाईक आलं की असाच तमाशा."

शेतकऱ्याची रोपं टेम्पोत चढत होती. आबा एकदम थांबले आणि शेडच्या पार दुसऱ्या टोकाकडं बघून म्हणाले, "फुलाबाई, तिकडं ठिबकची नळी निसटलीया. आवाज येतोय. जोड ती."

रोपवाटिकेत कामाला असलेली फुलाबाई नळी जोडायला गेली. अनिसा आबांकडं बघत राहिली.

मग ती वृषालीच्या आईजवळ, रतनकाकूंजवळ, जाऊन बसली आणि न विचारता मूठभर तांदूळ निवडायला घेतले. काकूंना ते बरं वाटलं असावं.

"माझ्यावर संशय हाय ना अविराजचा?" काकू खालच्या आवाजात म्हणाल्या. "माझ्या हातात आसतं बाई, तर पान कशाला, पोरगीच मागं आनली आसती. सांगलीकडं हाय म्हनत्यात. दिस उगवला की वाटतं आज येईल, मावळला की वाटतं, कुठल्या तोंडानं येईल?"

"मोबाइल विहिरीत टाकला, तेव्हा तुम्ही तिथं होता?"

"न्हाय. टाकला म्हनले." काकूंनी सुपातला खडा उचलून फेकला. "त्या दिसापास्नं ह्या मानसानं पेरू तोंडात घातला न्हाय. घरचा, एवढा गोड! दगडाचं काळीज हाय ते."

५

चहाच्या वेळी सगळे बाहेर घोंगडीवर बसले. लाइट मघाशीच गेली होती, ती अजून आली नव्हती. अनिसानं मोबाइलवरून इंटरनेट घेतलं आणि लॅपटॉप मांडीवर उघडला.

"अविराजराव, तुमचा पासवर्ड टाका."

त्यानं टाकला. कोणाला काही न बोलता तिनं 'वृषाली पेरू' पान उडवलं. आणि मग वेबसाइटकडं न बघता ती माणसांकडं बघू लागली.

काकू चहा गाळत होत्या. प्रगती बिस्किटाचा पुडा फोडत होती. अविराज मिशीला पीळ भरत अनिसाच्या तोंडाकडं बघत होता. कुठंही काही वाजलं नाही.

झुंबरआबांचा हात मात्र हळूच बंडीच्या आतल्या खिशावर गेला. त्यांनी कप खाली ठेवला.

"मोटर बघून येतो," ते म्हणाले.

"च्या तर घ्या!" काकू म्हणाल्या.

"आलो."

आबा शेडनेटमागं दिसेनासे झाले. अनिसानं कपातून दोन घोट घेतले. मग लॅपटॉपकडं बघितलं.

पान परत आलं होतं. वृषाली पेरू, टाकीजवळचं जुनं झाड, झाडाखाली उभी एक हसरी मुलगी, हातात अर्धा खाल्लेला पेरू.

अविराज ताडकन उठला. "बघा! आत्ता! तुमच्यापुढं! कुनी केलं?"

"बसा," अनिसा म्हणाली. "मी येते जरा मोटर बघून."

६

आबा त्या सुतळीच्या झाडाजवळ, टाकीच्या कट्ट्यावर बसले होते. हातात जुना मोबाइल, एका कोपऱ्यात काच तडकलेली. अनिसाला बघून त्यांनी तो लपवला नाही. मांडीवर ठेवला, एवढंच.

"लाइट नसताना मोटर कसली बघता, आबा?" ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी टेकली.

"कदी वळखलंस?"

"टेम्पोवाला आला तेव्हाच. ठिबकची नळी निसटलेली तुम्हाला इतक्या लांबून ऐकू येते, आणि समोरच्या माणसाचा एक शब्द ऐकू येत नाही? घरात ते नाव कोणी घ्यायचं नाही. मग गिऱ्हाइकाच्याच तोंडून ऐकायचं. तेही एकदा ऐकून भागत नाही." तिनं झाडाकडं बघितलं. "आणि हे. इथं सुतळी फक्त तुम्ही बांधता. विहिरीत मोबाइल पडलेला कोणी बघितला नाही, तुम्ही सांगितलं म्हणून सगळ्यांनी ऐकलं. ज्याला नाव नको होतं त्याच्यावर संशय घ्यायचं कोणाच्या मनातच आलं नाही."

आबांनी तडकलेल्या काचेवरून अंगठा फिरवला. मग बोलू लागले, तेव्हा आवाज कोरडा होता.

"टाकायलाच गेल्तो. काठावर उभा ऱ्हायलो आन् हात उचलंना. तवापास्नं हितं हाय, खिशात. रिचार्ज मारतो. हितल्या दुकानात मारला तर गावभर व्हईल, म्हनून अंथुर्ण्याला जातो. न्हाय मारला तर लंबर दुसऱ्याला देत्यात म्हनं. उद्या तिला आठवन आली आन् आपल्याच लंबरावर फोन लावला, तर कुनी परक्यानं उचलायचा?"

"कधी आला फोन?"

आबांनी नाही अशी मान हलवली.

"आन् मग हे यायला लागलं." त्यांनी पडद्यावरची अक्षरं अनिसाकडं वळवली. हा बदल तुम्ही केला का? "पोरी, भावकीत बसलो तवा सगळे बोलत व्हते, तू आसं कर, तू तसं म्हन. मी म्हनलो. चार वर्सं झाली, मला कुनी इचारलं न्हाय, आबा, हे तुमी केलं का म्हनून. हे पयलंच. आन् मी न्हाय केलं. मग खोटं कसं सांगू ह्याला? न्हाय म्हनून दाबलं."

अनिसाचे अब्बा गेल्यावर त्यांचा नंबर तिनं बंद केला होता. काही महिन्यांनी एकदा सहज लावून बघितला तर कोणी परक्या माणसानं उचलला होता. तो आवाज तिला आत्ता आठवला.

"आबा, अजून एक गोष्ट आहे," ती म्हणाली. "वेबसाइटवर रोज सकाळी कोणीतरी येत होतं. सांगलीकडून. दुसरं काही बघत नव्हतं, हे एकच पान. टाकी, झाड, फोटो. अविराजला वाटलं चोर आहे. महिन्याखाली त्यानं दार बंद करून टाकलं."

"बंद म्हंजे?"

"म्हणजे ती येते, आणि तिला लिहिलेलं दिसतं, तुम्हाला इथं प्रवेश नाही."

आबांचा चेहरा असा झाला की अनिसाला वाटलं आपण बोललो ते चुकलं. ते उठले आणि परत बसले.

"बापानं लिवलं आसं वाटलं आसंल तिला," ते म्हणाले. "पान मी राखत बसलो, आन् ती भाईर उभी."

"तरी ती येतेच आहे, आबा. काल पण आली होती."

अनिसानं लॅपटॉप आणला आणि ती बंदी उठवायला घेतली. बंदी घालताना राखणदार कोणाला विचारत नसे, पण धन्याला विचारल्याशिवाय ती उठवत नसे. आबांच्या मांडीवरचा मोबाइल थरथरला.

या पाहुण्याला आत येऊ द्यायचं का?

खाली दोन चौकोन होते, हो आणि नाही. आबांचा अंगठा सवयीनं उजवीकडच्या 'नाही'कडं गेला, अर्ध्यावर थांबला, आणि डावीकडं आला. एवढ्या चार वर्षांत त्या मोबाइलवर त्यांनी 'हो' कधी दाबलंच नव्हतं. ते जरा जोरातच दाबलं गेलं.

"अविराजला सांगनार व्हय?" त्यांनी विचारलं.

"त्यानं मला विचारलं, हे कोणी केलं, तर मला पण खोटं सांगता यायचं नाही."

"नगं सांगू तू," आबा म्हणाले. "माझं मी सांगतो."

७

रविवारी भवानीनगरचे पाहुणे आले. आबांनी बोलावलं म्हणून अनिसाही आली होती, आणि अविराज तिला कोपऱ्यात गाठून पान परत आणणाऱ्याचं नाव विचारत होता. ती म्हणत होती, थांबा, कळेल.

पोहे आले. मुलीचे वडील, रामहरीराव, साखर कारखान्यात नोकरीला. माणूस गोड पण विचारल्याशिवाय सोडणारा नव्हता. "ते वेबसाइटवर वृषाली म्हणून हाय, ते कोन वो?"

अविराजला ठसका लागला. "ते आता बदलणार हाय, पाव्हणं, ते वेबसाइट हॅक..."

"वृषाली माझी ल्येक हाय," झुंबरआबा म्हणाले.

काकूंच्या हातातली पोह्यांची ताटली तशीच अधांतरी राहिली. चार वर्षांत नवऱ्याच्या तोंडून ते नाव त्या पहिल्यांदा ऐकत होत्या.

"तिनं आपल्या मनानं लगीन केलं," आबा सांगत राहिले. "मी भावकीत म्हनलो, नाव काढायचं न्हाय. ते माझं चुकलं. पान ह्यानं काढलं आन् मी परत आनलं, दर बारीला. शिवम न्हाय, प्रगती न्हाय, हिनं तर न्हायच. मी." त्यांनी बंडीतून मोबाइल काढून सगळ्यांपुढं ठेवला. "तुमाला चालत नसंल तर आत्ताच सांगा. पेरूचं नाव बदलनार न्हाय."

काकूंनी ताटली खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. अविराज मोबाइलकडं बघत होता. त्या मोबाइलवर पूर्वी वृषालीनं त्याला सापाचा खेळ खेळायला शिकवला होता, हे त्याला त्या क्षणी आठवलं आणि त्याच्या मिशीचा पीळ गेला.

रामहरीरावांनी घसा खाकरला. "आवो, मी रोपाचं इचारत व्हतो. माझ्या मेव्हन्याला वीसेक पाहिजेत."

त्यावर हसावं की रडावं हे कोणालाच ठरवता येईना. फुलाबाईनं दारातूनच हसायला सुरुवात केली, मग सगळ्यांना सोपं गेलं.

८

अनिसाच्या दुकानात रोज सकाळी फोन वाजू लागला. पडद्यावर तो विहिरीतला नंबर.

"आली का?"

"नाही, आबा. दार उघडं आहे, पण आली नाही."

"बरं."

दुसऱ्या दिवशी परत. "आली का?" नाही. बंदीची पाटी रोज बघून एखाद्या सकाळी माणूस येणं सोडून देतो, हे अनिसाला कळत होतं. आबांनाही कळत होतं. दोघंही ते बोलत नव्हते. काकूही फोनजवळ उभ्या असायच्या, त्यांच्या बांगड्या ऐकू यायच्या. काही दिवसांनी आबा नुसताच फोन लावून थांबू लागले, आणि अनिसाच म्हणायची, नाही, आबा.

एके सकाळी तिनं फोन वाजायच्या आत स्वतःच लावला.

"आबा. आली."

पलीकडं ठिबकचं पाणी ऐकू येत होतं.

"पान उघडलं. खूप वेळ उघडं ठेवलं."

"मग?"

"मग एक रोप मागितलंय. वृषाली पेरूचं. एकच."

"पत्ता काय दिलाय? पाठवतो. अविराजला धाडतो गाडी घेऊन."

"पत्ता नाही दिला, आबा. पाठवू नका म्हणते." अनिसाला पुढचं नीट वाचता येईना, तिनं डोळे पुसले. "रोप स्वतः येऊन नेणार, असं लिहिलंय."

मागं कुठंतरी टेम्पो थांबल्याचा आवाज आला, आणि एका माणसाचा. "राम राम आबा! पेरूची रोपं हायत का?"

आबांनी फोन कानाचा काढला नव्हता. कुठला पेरू, असं त्यांनी विचारलं नाही.

"हायत की. वृषाली," ते म्हणाले. "पायजे तेवढी न्या. त्या टाकीजवळच्याला तेवढा हात लावू नका. ते न्यायला मानूस निघालंय."